नवं कशाच्या मानानं?

साताऱ्यात राजवाड्यावर गेलं की दोन वास्तू शेजारी शेजारी दिसतात. एक जुना राजवाडा, दुसरा नवा राजवाडा. जुना प्रतापसिंह महाराजांच्या काळातला, नवा त्यांच्यानंतर गादीवर आलेल्या आप्पासाहेब महाराजांच्या काळातला. आप्पासाहेब १८४८ साली वारले आणि कंपनी सरकारनं सातारचं राज्य खालसा केलं. म्हणजे नव्या राजवाड्याचं वय आज पावणेदोनशेच्या पुढं गेलंय. तरी साताऱ्यात त्याला कुणी जुना म्हणत नाही, आणि म्हटलंच तर ऐकणारा शेजारच्या वास्तूकडं बघेल. सांगली जिल्ह्यात वाळवा तालुक्यात कृष्णाकाठी जुनेखेड आहे आणि नवेखेड आहे. नवेखेडात जन्मलेल्या आजोबांचे आजोबाही नव्याच खेडातले.

याच्या उलट एक नाणं आठवा. १ एप्रिल १९५७ ला देशात दशमान नाणी आली. तोवर रुपयाचे १६ आणे आणि ६४ पैसे होते, आता १०० पैसे झाले. दोन्ही पैसे एकाच वेळी बाजारात फिरत होते, म्हणून नव्या नाण्यावर 'नया पैसा' असं छापलं आणि आपल्याकडं लोक त्याला नवा पैसा म्हणू लागले. १ जून १९६४ पासून सरकारनं 'नया' हा शब्द काढून टाकला. सात वर्षांत नवा पैसा नुसता पैसा झाला.

राजवाडा पावणेदोनशे वर्षं नवा आणि पैसा सात वर्षांत नुसता पैसा, असं का? कारण जुना पैसा व्यवहारातून गेला. दोघांत फरक करायची गरजच उरली नाही, तेव्हा 'नवा' हा शब्द आपोआप निकामी झाला. जुना राजवाडा मात्र तिथंच उभा आहे. तो आहे तोवर दुसऱ्याला नवा म्हणावंच लागणार. या शब्दाची सगळी गुंतागुंत इथून उलगडते. आपण समजतो की 'नवा' हा शब्द वय सांगतो. बहुतेक वेळा तो नातं सांगतो: ही वस्तू कशाच्या मानानं नवी, कुणाला नवी.

महाबळेश्वराला तर हे उलट दिशेनं घडलं. शंकराचं देऊळ ज्या गावात आहे ते पूर्वीपासून नुसतं महाबळेश्वर होतं. १८२८-२९ च्या सुमारास इंग्रजांनी तिथून थोड्या अंतरावर थंड हवेचं ठिकाण वसवलं. गव्हर्नर माल्कमच्या नावावरून त्याला माल्कम पेठ म्हणत. पुढं पेठेलाच लोक महाबळेश्वर म्हणू लागले आणि मूळ गावाला 'जुनं महाबळेश्वर' किंवा 'क्षेत्र महाबळेश्वर' असं वेगळं ओळखावं लागलं. माल्कम पेठ येईपर्यंत त्या गावाला जुनं म्हणायचं काही कारणच नव्हतं. आता जिल्ह्यात 'नवीन महाबळेश्वर' या नावाचा गिरिस्थान प्रकल्प राज्य सरकारनं हाती घेतलाय. तो उभा राहिला तर आजच्या बाजारपेठेच्या महाबळेश्वराला काय म्हणायचं, हे लोकच ठरवतील.

घरातही हेच चालतं. नवी सून ही पुढची सून येईपर्यंत नवी असते, मग मधली होते. शाळेत बदलून आलेल्या पन्नाशीच्या बाई पोरांसाठी 'नव्या बाई' असतात. नोकरी तीस वर्षांची, पण या शाळेला त्या नव्या.

उलट काय, ते विचारा

अर्थ ओळखायची एक सोपी रीत आहे. समोरच्या वाक्यात नव्याच्या उलट कोणता शब्द बसतो, ते बघायचं. प्रत्येक अर्थाला मराठीत उलट शब्द वेगळा आहे.

सांगलीच्या बाजारातली हळद घ्या. अक्षय्य तृतीयेच्या आसपास लावलेली हळद आठ-नऊ महिन्यांनी काढणीला येते, मग ती शिजवायची, वाळवायची, पॉलिश करायची. वर्षाच्या सुरुवातीला ही हळद सौद्यात येऊ लागली की ती नवी हळद. गेल्या हंगामाची साठवलेली ती जुनी. सांगलीजवळ हरिपूरला जमिनीत खोल पेवं खणून त्यांत हळद साठवायची मोठी परंपरा होती, तिथून निघायची ती अर्थातच जुनी. आता कुणी या नव्या हळदीला ताजी हळद म्हणालं, तर सांगलीचा माणूस गोंधळेल, कारण ताजी हळद म्हणजे लोणच्याची ओली हळद. नव्याच्या उलट जुनं, ताज्याच्या उलट शिळं किंवा सुकलेलं. भाजी ताजी असते, भाजीची पिशवी नवी असते. नवं लोणचं म्हणजे यंदाचं, ताजं लोणचं म्हणजे आत्ता कालवलेलं.

आणि नवं म्हणजे चांगलं, असंही काही ठरलेलं नाही. नव्या तांदळाचा भात चिकट होतो, गोळा होतो. जुना तांदूळ पाणी जास्त पितो, भात मोकळा होतो, म्हणून दुकानात जुन्याला भाव जास्त. औषधाला गूळ लागतो तोही जुना. जाहिरातींनी 'नवीन' हा शब्द सुधारणेचा म्हणून आपल्या कानावर इतका घातलाय की ही साधी गोष्ट नजरेआड होते.

तिसरा शब्द कोरा. याच्या उलट वापरलेलं, धुतलेलं, लिहिलेलं. कोरं कापड म्हणजे ज्याची खळ अजून गेली नाही ते. आईनं दहा वर्षं ट्रंकेत जपलेली साडी जुनी असते आणि कोरीही असते, यात विरोध काही नाही. म्हणूनच 'नवीकोरी' हा जोडशब्द कामाचा आहे. कुणी "नवीन गाडी घेतली" म्हणालं तर लगेच पुढचा प्रश्न येतो, "शोरूमची का वापरलेली?" कारण 'नवीन गाडी' याचा अर्थ 'आधीची जाऊन आमच्या दारात आलेली' एवढाही होतो. 'नवीकोरी' म्हटलं की तो प्रश्न विचारावा लागत नाही.

कोरा हा शब्द आपल्या भागात आणखी एका ठिकाणी गेलाय आणि तिथं तो फार वजनदार आहे: सातबारा कोरा. सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा. सातमध्ये जमीन कुणाच्या नावावर, किती, त्यावर कुणाचे हक्क. बारामध्ये पिकांच्या नोंदी. कर्ज काढलं की सातच्या 'इतर हक्क' या रकान्यात बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा चढतो. कर्ज फिटलं की दाखला देऊन तो बोजा उतरवून घ्यायचा. तो उतरला की सातबारा कोरा. त्या कागदावर नावं, गट नंबर, क्षेत्र, आकार, सगळं भरगच्च लिहिलेलं असतं, तरी शेतकऱ्याच्या दृष्टीनं तो कोरा असतो, कारण ज्याची धास्ती होती तेवढं त्यावर नाही. कोऱ्या चहातही असंच आहे. त्यात पाणी, साखर, पत्ती आहे, दूध तेवढं नाही. कोरा या शब्दाला नेहमी 'काय नाही' हे विचारावं.

एक सावधगिरी इथंच सांगतो. कर्ज फिटलं म्हणजे बोजा आपोआप उतरला, असं धरून चालू नका. फेरफार होऊन नोंद कमी झाली का, ते नव्या उताऱ्यावर बघूनच घ्या.

नवं-जुनं

सातारा-सांगलीच्या गावात मार्च महिन्यात विकास सोसायटीच्या दारात एक शब्द हमखास ऐकू येतो. "आबा, मार्चएंड आला, नवं-जुनं करून घ्या," असं सोसायटीचं काम बघणारा गटसचिव सांगतो आणि आबांना ते बरोबर कळतं. गावाबाहेरच्या माणसाला कळत नाही, म्हणून इथं जरा थांबू.

सोसायटी म्हणजे गावची विविध कार्यकारी सेवा संस्था. जिल्हा मध्यवर्ती बँकेचा पैसा तिच्यामार्फत शेतकऱ्याला पीक कर्ज म्हणून मिळतो. हे कर्ज हंगामापुरतं असतं. मुदतीत फेडलं की खातं नियमित राहतं, ठरलेल्या मर्यादेपर्यंतच्या कर्जाला व्याजाची सवलत मिळते आणि पुढच्या हंगामाला पुन्हा कर्ज उचलता येतं. मुदत हुकली की नाव थकबाकीदारांत जातं, सवलत जाते, पुढचं कर्ज अडतं.

आता समजा आबांवर १ लाखाचं कर्ज आहे. मार्चअखेर जवळ आलीय आणि हातात तेवढे पैसे नाहीत. उसाचं बिल यायचंय, किंवा आलं होतं ते दवाखान्यात गेलं. मग आबा पाहुण्यांकडून चार-आठ दिवसांसाठी हातउसने घेतात, सोसायटीत भरतात, जुनं कर्ज मिटतं. थोड्या दिवसांत तेवढंच, किंवा थोडं वाढीव, कर्ज पुन्हा मंजूर होतं. त्यातून पाहुण्यांचे पैसे परत जातात. याला म्हणतात नवं-जुनं करणं.

वहीच्या दृष्टीनं यात सगळं नवं आहे: तारीख नवी, कागद नवे, सह्या नव्या. आबांच्या दृष्टीनं काहीच नवं नाही, ओझं तेच. कार्यालयीन भाषेत याला कर्जाचं नूतनीकरण म्हणता येईल आणि ते चूक नाही. पण नूतनीकरण म्हटलं की आतलं जुनं कर्ज दिसेनासं होतं. गावानं घडवलेल्या शब्दात नवं पुढं आणि जुनं त्याच्या पाठीला चिकटलेलं, दोन्ही एकदम दिसतं. शब्द इतका नेमका आहे की तो व्यवहार समजावून सांगायला दुसरा शब्द मला तरी सापडत नाही.

या चार-आठ दिवसांत धोका असतो, तोही सांगायला हवा. हातउसने पाहुण्यांचे असले तर ठीक. पण पैसे टक्केवारीनं, म्हणजे दरमहा व्याजानं, उचलले आणि मंजुरी लांबली, तर महिना शेकडा ५ च्या दरानं १ लाखाला महिन्याला ५,००० रुपये जातात. वाचलेली व्याजसवलत त्यातच संपते. म्हणून नवं-जुनं करायचं असेल तर नवं कर्ज कोणत्या तारखेच्या सुमारास हातात पडेल, हे गटसचिवाला आधी स्पष्ट विचारून मगच पैसे उचलावेत.

हाच जोडशब्द इतर ठिकाणी हलका होतो. "काय नवं-जुनं?" म्हणजे काय खबरबात. 'नवी-जुनी पुस्तकं' म्हणजे सगळ्या प्रकारची.

नव आणि नऊ

संस्कृतातला 'नव' हा शब्द दोन अर्थांनी येतो. एक नवा, एक नऊ. नव्याच्या अर्थाचा 'नव' फार जुन्या कुळातला आहे. फारसीतला 'नौ' त्याचाच भाऊ, नौरोज म्हणजे नवा दिवस. लॅटिनमधला 'नोवुस' त्याच घरचा.

मराठीत सामासिक शब्द आला की कोणता नव, ते ओळखावं लागतं. नवरात्र, नवग्रह, नवरस, नवरत्न, नवनाथ इथं नऊ. नववर्ष, नवजात, नववधू, नवचैतन्य इथं नवा. साधा नियम असा की पुढची गोष्ट मोजून नऊ भरत असेल तर नऊ, नाहीतर नवा. नवरात्रीला 'नवी रात्र' समजणारी मुलं भेटतात, त्यांना रागावू नये. शब्दात तसं ऐकू येतंच. 'नव्याचे नऊ दिवस' या म्हणीची गंमतही या दोन अर्थांच्या शेजारामुळंच जमते.

काही शब्दांत नवा लपून बसलाय. नवनीत म्हणजे लोणी, नुकतंच काढलेलं. नवल म्हणजे आश्चर्य, कारण जे नवं असतं त्याचंच आश्चर्य वाटतं. नवरा हा 'नववर' वरून आला, म्हणजे नुकतं लग्न झालेला वर. पुढं त्यातला नवेपणा झिजला आणि पन्नास वर्षं संसार केलेल्या माणसालाही नवरा म्हणू लागलो. मांडवातल्या माणसासाठी मग 'नवरदेव' हा शब्द हाताशी ठेवला. आणि काही शब्द नुसतेच फसवे आहेत. कल्हईला लागणारा नवसागर आणि मंडईतला नवलकोल या दोहोंत नऊही नाही आणि नवंही नाही.

'नवा गडी नवं राज्य' या म्हणीतलं राज्यही अनेकांना राजाचं वाटतं. खेळात ज्याच्यावर डाव येतो त्याच्यावर 'राज्य आलं' म्हणतात, ते हे राज्य. म्हणून तीच म्हण 'नवी विटी नवं राज्य' अशीही ऐकू येते. विटी बदलली की डाव पहिल्यापासून.

नवा की नवीन

अर्थ जवळजवळ एकच, पण वागणूक वेगळी. 'नवा' लिंग-वचनाप्रमाणं बदलतो: नवा बैल, नवी विहीर, नवं घर, नव्या घरात. 'नवीन' कशानंच बदलत नाही: नवीन बैल, नवीन विहीर, नवीन घरात. मराठी शिकणाऱ्याला म्हणूनच 'नवीन' सोपा वाटतो.

पण 'नवा' एकट्यानं उभा राहू शकतो. "नव्यांना संधी द्या" असं आपण म्हणतो, 'नवीनांना' सहसा कुणी म्हणत नाही, तिथं 'नवीन लोकांना' असा आधार घ्यावा लागतो. 'नव्यानं' हे क्रियाविशेषणही नवाचंच. "नव्यानं सुरुवात केली" यात पुन्हा, पहिल्यापासून असा अर्थ आहे. 'नुकतीच सुरुवात केली' हे वेगळं, त्यात फक्त वेळ आहे, आधीचा प्रयत्न नाही. बातम्यांत या दोहोंची अदलाबदल फार होते आणि अर्थ बदलतो. "रस्ता नव्यानं केला" म्हणजे तिथं आधी रस्ता होता.

दोनदा म्हटल्यावर आणखी फरक पडतो. 'नवनवीन वाण' म्हणजे एकामागून एक येणारे अनेक. "नवीन नवीन लग्न झालं होतं तेव्हा" म्हणजे अगदी सुरुवातीचे दिवस, लग्न एकच. आणि "हे काय नवीनच?" यात नाराजी आहे, तिथं शब्दापेक्षा सूर ऐकावा लागतो.

लिहिताना दोन चुका सारख्या दिसतात. नवीनचं नाम 'नावीन्य' आहे, वी दीर्घ. 'नाविन्य' चूक. नूतनमधला नू दीर्घ, म्हणून परवान्याचं 'नूतनीकरण'. 'नवीनीकरण' हा हिंदीतून आलेला शब्द आहे, मराठीला त्याची गरज नाही. नूतन हा शब्द बोलण्यात येत नाही, तो फलकावर आणि पत्रिकेत राहतो: नूतन वास्तू, नूतन सरपंच. सरपंच निवडून आलेले असतील तर 'नवनिर्वाचित' म्हणावं, अधिकारी नेमलेला असेल तर 'नवनियुक्त'. आपल्याकडच्या अभिनंदनाच्या फलकांवर नेमलेल्यालाही निर्वाचित करून टाकतात.

माणसाला नवा म्हणताना

इथं शब्द जपून वापरावा लागतो, कारण वस्तूला काही वाटत नाही, माणसाला वाटतं. 'नवीन' हा सगळ्यात साधा: "मी या ऑफिसात नवीन आहे." 'नवखा' म्हटलं की त्यात अनोळखीपणा किंवा अनुभव नसणं येतं, त्याच्या उलट सराईत, मुरलेला. स्वतःबद्दल नवखा म्हणणं नम्रपणाचं आहे, दुसऱ्याला तोंडावर नवखा म्हणणं कमीपणाचं. 'नवशिका' म्हणजे जो शिकतोय. वीस वर्षं गाडी चालवलेला माणूस ट्रॅक्टरवर नवशिका असू शकतो, पण रस्त्याला नवखा नसतो. 'नवोदित' फक्त कला-साहित्य-खेळात शोभतो. जूनमध्ये शाळेत येणारी पोरं 'नवागत'.

काही गटांना 'नव' एकदा चिकटला की सुटत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास मराठी कथा बदलली, तिला नवकथा म्हटलं. आटपाडी तालुक्यातल्या माडगुळ्याचे व्यंकटेश माडगूळकर त्यातलं एक ठळक नाव. आज त्या कथा आजोबांच्या पिढीच्या, पण नाव नवकथाच. वाङ्मयात हे खपून जातं, कुणाला दुखत नाही.

'नवबौद्ध' या शब्दाचं तसं नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली आणि त्यांच्याबरोबर लाखो लोकांनी. राज्य सरकारच्या योजनांत 'अनुसूचित जाती व नवबौद्ध घटक' असा शब्दप्रयोग अजून आहे, आणि लाभ कुणाला द्यायचा हे ठरवायला त्याचा उपयोग होतो. पण त्या दीक्षेला सत्तरएक वर्षं होत आली. आई-वडील बौद्ध, आजी-आजोबा बौद्ध, अशा घरात जन्मलेल्या मुलीला नव का म्हणायचं? तिच्या मानानं काहीच नवं नाही. अनेकांना हा शब्द खटकतो आणि त्यांचं खटकणं रास्त आहे. योजनेच्या अर्जावर नियमातला शब्द भरावा लागतो तो भरावा. बोलताना, लिहिताना, बातमी देताना नुसतं बौद्ध पुरतं.